कणखर झाड का मरते?
लँकेशायरच्या विणकरांनी जोपासलेल्या एका फुलाचा इतिहास



ज्या माणसाने गेली तीस वर्षे पगार, बोनस, पाळी आणि बडतर्फी यांखेरीज दुसऱ्या कशावर जाहीर तोंड उघडले नाही, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून एका फुलझाडाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ते आम्हांलाही वाटते. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. तेव्हा वनस्पतिशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची आमची छाती नाही. परंतु आज ज्या झाडाची हकीकत सांगायची आहे, ते झाड हातमागाच्या विणकरांनी वाढवले, त्यांच्याबरोबर ते सुकले, आणि पुढे कामगारांनीच ते वाचवले. तेव्हा हा इतिहास आमच्या दुकानातला माल नाही, असे कोणी म्हणू नये.

लँकेशायर हे नाव आपल्या कानांवर लहानपणापासून एकाच अर्थाने पडत आले आहे. लँकेशायर म्हणजे मँचेस्टरचे कापड, आणि मँचेस्टरचे कापड म्हणजे आपल्या विणकरांच्या घरांतले थांबलेले माग. हे खरेच आहे. परंतु ज्या यंत्रमागाने आपल्या विणकराचा घास काढून घेतला, त्याच यंत्रमागाने त्याआधी लँकेशायरच्या विणकराचाही घास काढून घेतला होता. ही दुसरी गोष्ट आपल्याला तितकीशी ठाऊक नसते. आम्हांलाही ती एका फुलाने सांगितली.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी आम्हांला मँचेस्टरला जाण्याचा योग आला. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सुटीच्या दिवशी आमच्या यजमानांनी आम्हांला जवळच्या एका गावच्या सभागृहात नेले. आत लांबलचक टेबलांवर मातीच्या शेदोनशे कुंड्या मांडल्या होत्या. प्रत्येक कुंडीत जाड पानांचे वीतभर उंचीचे एकच झाड, आणि त्याच्या दांड्याच्या टोकाशी फुलांचा झुबका. ही फुले पाहून आम्हांला प्रथम ती चिनी मातीची वाटली. मध्ये पिवळा ठिपका, त्याभोवती पिठासारखे पांढरेशुभ्र कडे, त्याभोवती जवळजवळ काळा पट्टा, आणि सर्वांत बाहेर हिरवी किंवा करडी कड. कंपासने वर्तुळे काढून रंग भरावेत, इतकी ती रेखीव होती. बक्षीस म्हणून एका टेबलावर तांब्याची किटली ठेवली होती.

या झाडाचे नाव ऑरिक्युला. ते आल्प्स पर्वतातले असून बर्फाखाली हिवाळा काढते, असे आम्हांला सांगण्यात आले. तेव्हा आम्ही शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले की, असे कणखर झाड आपण तान्ह्या पोरासारखे का जपता? हे गृहस्थ सूतगिरणीतून निवृत्त झालेले फिटर होते. त्यांनी तोंडाने उत्तर दिले नाही. टेबलाखालून त्यांनी एक मरू घातलेली कुंडी काढली, ती तळहातावर उपडी केली, आणि झाड मुळासकट आमच्यापुढे धरले. वरून पाने बरी दिसत होती. खाली गाजरासारखा जाड गड्डा होता, आणि त्याचा अर्धा भाग काळा पडून बोटाने दाबताच पिचत होता. मग ते म्हणाले की, चाळीस वर्षांत थंडीने आपले एकही झाड मेलेले नाही. जी मेली ती पाण्याने, खताने, आणि वेळेवर न पाहिल्याने.

परत आल्यावर आम्ही या झाडाविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनाचे सार आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम झाडाचे मूळ घर पाहू. रानटी ऑरिक्युला आल्प्स, कार्पेथियन इत्यादी पर्वतांवर चुनखडीच्या कड्यांत उगवते. त्याची फुले साधी पिवळी असतात. पाने जाड आणि मांसल असल्यामुळे जुन्या लोकांनी त्याला ‘अस्वलाचा कान’ असे नाव दिले. ऑरिक्युला या लॅटिन शब्दाचा अर्थ लहान कान असाच आहे. प्रिम्युला नावाच्या मोठ्या कुळातले हे झाड आहे, आणि त्या कुळातली पुष्कळ भावंडे आपल्या हिमालयातही फुलतात. कड्याच्या फटीत माती ओंजळभरही नसते. बर्फ वितळले की पाणी मुळांजवळून वाहून जाते. ते साचत नाही. हिवाळाभर वर बर्फाचे पांघरूण असते, आणि त्या पांघरुणाखाली झाड जवळजवळ कोरडे झोपलेले असते. उन्हाळ्यातही हवा गार आणि हलती असते. म्हणजे या झाडाला थंडी चालते, उपासमार चालते, वारा चालतो. साचलेले पाणी, कोंडलेली हवा आणि उष्मा या गोष्टी मात्र त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांत कधी वाट्याला आलेल्या नाहीत.

बागेत येणारे ऑरिक्युला हे मात्र नुसते रानटी झाड नव्हे. सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या बोलावण्यावरून १५७३ साली व्हिएन्नाला गेलेला क्लूसियस हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे अशी झाडे जोपासत होता. त्याच्याजवळ एक रंगीत जात होती. ती रानात कोठे उगवते हे त्याने शोधून पाहिले, पण त्याला ती आढळली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात केर्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने टायरॉलच्या डोंगरांत तिचा माग काढला. चुनखडीवरची पिवळी जात आणि चुना नसलेल्या खडकावरची दुसरी एक तांबूस फुलांची जात, या दोहोंचा तो संकर होता. दोन वेगळ्या खडकांवरची झाडे जेथे शेजारी आली, तेथे हा संकर झाला, आणि त्यातून पुढचे सारे रंग निघाले. इंग्लंडमध्ये १५९७ साली छापलेल्या जेरार्डच्या वनस्पतिकोशात या ‘अस्वलाच्या कानां’ची नोंद आहे.

आता इंग्लंडमध्ये हे झाड आणले कोणी? लँकेशायरमध्ये आजही एक कथा सांगतात. धर्माच्या छळाला कंटाळून १५७० च्या सुमारास फ्लँडर्समधून पळालेल्या विणकरांनी आपल्या गाठोड्यांतून ही रोपे आणली, अशी ती कथा आहे. कथा इतकी गोड आहे की आमच्यासारख्या माणसाला ती खरी ठरावी असेच वाटते. पण त्या काळचा एकही कागद तिला दुजोरा देत नाही. रोपे हौशी श्रीमंतांच्या आणि विद्वानांच्या पत्रव्यवहारातून आली असावीत, हेच अधिक संभवनीय दिसते. कामगारांच्या इतिहासात खरे पराक्रम पुरेसे आहेत. तेथे आपण दंतकथांची भरती करू नये.

खरे जे आहे तेही कमी नवलाचे नाही. सतराव्या शतकात ही फुले बड्या घरांची होती. १७५० च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. काही झाडांच्या पाकळ्यांची कड पाकळीची न राहता पानाची बनली, म्हणजे फुलाच्या काठाला हिरवे पान उगवले. ही हिरव्या आणि करड्या काठांची फुले इंग्लंडच्या कारागिरांनी उचलली. विणकर, चांभार, सुऱ्या घडवणारे लोहार असे लोक ती वाढवू लागले. फुलाची चारही वर्तुळे सारख्या मापाची हवीत, गोल हवीत, एकात दुसरे मिसळलेले नको, असे काटेकोर नियम ठरले. गावोगावच्या पबमध्ये एप्रिल-मेमध्ये प्रदर्शने भरू लागली. वर्गणी काढायची, एकत्र जेवण करायचे, फुले तपासायची, आणि जिंकणाऱ्याला तांब्याची किटली द्यायची, अशी पद्धत पडली. स्कॉटलंडमध्ये पेझली येथील मलमल विणणाऱ्यांनी याच तऱ्हेने पिंक नावाचे दुसरे फूल नावारूपास आणले. त्यांचे पुष्पमंडळ १७८२ सालचे आहे.

हे लोक अडाणी हौशे नव्हते. मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविच गावचा जॉन हॉर्सफील्ड हा हातमागाचा विणकर वनस्पतिमंडळाचा अध्यक्ष होता, आणि एका डॅफोडिल फुलाला आजही त्याचे नाव आहे. रविवारी हे मंडळ पबमध्ये जमायचे, आणि आणलेल्या रानझाडांची लॅटिन नावे एकमेकांना सांगायचे. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘मेरी बार्टन’ या १८४८ सालच्या कादंबरीत मागावर न्यूटनचा ग्रंथ उघडा ठेवून विणणाऱ्या विणकरांचा उल्लेख येतो, तो काही निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे.

आता आपण झाडाच्या मरणाकडे वळू. कारण ते समजल्याखेरीज पुढचा इतिहास समजणार नाही.

ऑरिक्युला मरण्याचे पहिले कारण म्हणजे साचलेले पाणी. कुंडीत माती घट्ट बसली, तळाचे भोक बुजले, आणि हिवाळ्यात पाणी राहिले, की गड्डा खालून कुजू लागतो. वरची पाने पुष्कळ दिवस हिरवी राहतात, आणि मालकाला वाटते की झाड ठीक आहे. पाने मलूल झाली म्हणून तो आणखी पाणी घालतो, आणि होते-नव्हते तेवढे आयुष्य संपवतो. खाली मुळे उरलेली नाहीत म्हणून पाने मलूल होतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरे कारण अधिक विचित्र आहे. ते म्हणजे अतिपोषण. आयझॅक एमर्टन नावाच्या एका इंग्रज रोपवाल्याने १८१५ साली ऑरिक्युलावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने सांगितलेली खते वाचून अंगावर शहारा येतो. बैलाच्या रक्तात भिजवलेली हंसाची विष्ठा आणि साखर शुद्ध करणाऱ्यांच्या कढईवरची मळी यांचे ढकलगाडीच्या मापाने मिश्रण करायचे, आणि ते पिवळ्या मातीत कालवून या डोंगरी झाडाला घालायचे! बक्षिसाच्या ईर्ष्येने लोकांनी असले प्रकार केलेही. अशा खाद्यावर झाड जोमाने फुगते आणि पाने टपोरी होतात; पण ती पाने मऊ असतात, गड्डा पाणथळ होतो, आणि पहिल्याच ओल्या हिवाळ्यात करडी बुरशी त्याचा निकाल लावते. पुढच्या जाणत्या लोकांनी हे सारे टाकून दिले. आता पोयट्याची माती, पानांचे कुजलेले खत, आणि पाणी निचरून जावे म्हणून भरपूर बारीक खडी, एवढेच ते वापरतात. जे झाड खडकाच्या फटीत जगले, त्याला मेजवानी मानवत नाही.

तिसरे कारण म्हणजे वय आणि दुर्लक्ष. हे झाड दरवर्षी वरच्या बाजूने वाढते, आणि गड्ड्याचा खालचा भाग म्हातारा होत जातो. नवी मुळे वरच्या ताज्या भागातून फुटतात. कड्यावर असताना वरून घरंगळणारी माती आणि दगडांचा चुरा या नव्या मुळांना आधार देतो. कुंडीत ते काम माणसाने करायचे असते. दरवर्षी फुलोरा संपला की झाड उपडून काढावे, खालचा कुजका भाग धारदार चाकूने कापावा, आणि झाड थोडे खोल बसवून नव्या मातीत लावावे. बाजूला आलेली पिल्ले, केळीचे मुनवे वेगळे करतात तशी, वेगळी करावीत. दोनतीन वर्षे हे केले नाही, तर मान उघडी पडते, मुळे लोंबकळतात, आणि झाड संपते. मुळांवरचा मावा आणि सोंडकिड्याची अळी याच काळात गुपचूप आपले काम करतात. कुंडी उपडी केल्याशिवाय ती दिसतच नाहीत.

आणि या पिल्लांतच या झाडाचे सारे भवितव्य असते. काठाच्या फुलांचे बी पेरले, तर आईसारखे मूल होण्याचा भरवसा नाही. एखादी नामांकित जात टिकते ती केवळ पिल्लांच्या वाटणीने. ज्याच्याजवळ एकच कुंडी आहे, त्याची जात एका ओल्या महिन्यात नाहीशी होते. ज्याने शेजाऱ्याला पिल्लू दिले, त्याला ती परत मिळू शकते. म्हणून या हौशीला मंडळ लागते.

याशिवाय रोजची राखण लागते ती वेगळीच. फुलावरचे पांढरे पीठ पावसाच्या एका सरीने धुऊन जाते. ढग आले की कुंड्या आडोशाला घ्यायच्या, ऊन चढले की सावली करायची, पाणी घालायचे ते पानांना न शिवता घालायचे. कामे लहान असतात, पण ती ऐन वेळी करावी लागतात, आणि ती ऐन वेळ घड्याळ पाहून येत नाही.

आता हा हातमागाचा विणकर पाहा. त्याचा माग घरात होता. तो दिवसाचे बारा-चौदा तासही विणीत असेल; त्याचे आयुष्य सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. जुन्या काळाची गोड चित्रे रंगवणाऱ्यांत एंगल्सही होता, आणि इतिहासकारांनी त्याला त्याबद्दल टोकले आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पावसाची सर आली तर धोटा बाजूला ठेवून हा विणकर दोन मिनिटे अंगणात जाऊ शकत होता, आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती. ऑरिक्युलाला त्याच्या मालकाकडून एवढेच हवे होते. लांबलचक सुटी नको, पैसा नको, दिवसातून दहा वेळा दोन मिनिटे हवीत.

ही दोन मिनिटेच यंत्रमागाने हिरावून घेतली.

कार्टराइटने यंत्रमागाचा शोध १७८५ साली लावला. १८१३ साली ब्रिटनमध्ये असे माग सुमारे २,४०० होते. १८३३ साली ते एक लाख झाले, आणि १८५० साली अडीच लाखांच्या घरात गेले. कापसाचे हातमाग चालवणारे विणकर १८२० च्या सुमारास २,४०,००० होते असा अंदाज आहे. १८५० पर्यंत त्यांतले जेमतेम ४०-४५ हजार उरले. बोल्टन गावच्या विणकराचा आठवड्याचा मेहनताना १७९५ साली सरासरी ३३ शिलिंग होता. १८१५ साली तो १४ शिलिंग झाला, आणि १८३० च्या आगेमागे साडेपाच शिलिंगांवर आला. म्हणजे एका पिढीच्या आत सहापैकी पाच भाग गेले. उरलेला एक भाग मिळवण्यासाठी विणकर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत मागावर बसू लागला. अंगणात जायला त्याला मोकळीक होती, पण तो उठला तर पोरे उपाशी राहणार होती.

मँचेस्टरजवळचे मिडलटन हे रेशीम आणि कापूस विणणारे गाव. ऑरिक्युलाच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. ‘लँकेशायर हीरो’ ही पुढे गाजलेली जात तिथल्याच रॉबर्ट लँकेशायर नावाच्या माणसाने काढली. याच मिडलटनमध्ये २० एप्रिल १८१२ रोजी उपाशी विणकरांचा जमाव डॅनियल बर्टनच्या यंत्रमागाच्या गिरणीवर चालून गेला. आतून बंदुका झडल्या, आणि त्याच दिवशी काही माणसे ठार झाली. एप्रिलची विशी म्हणजे ऑरिक्युला फुलण्याची वेळ. त्या दिवशी मिडलटनच्या खिडक्यांत फुललेल्या कुंड्या नसतील असे आम्हांला वाटत नाही. सात वर्षांनी, १६ ऑगस्ट १८१९ रोजी, सॅम्युअल बॅमफर्ड या विणकराच्या पुढारीपणाखाली याच गावची माणसे मताचा हक्क मागायला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर गेली, आणि तेथे निःशस्त्र सभेवर घोडदळ घालण्यात आले.

हातमाग सोडून जे गिरणीत गेले, त्यांचे पुढे काय झाले? पगार कदाचित बरा मिळाला, पण दिवस भोंग्याच्या ताब्यात गेला. बारा-तेरा तास माणूस गिरणीच्या भिंतीआड असायचा. त्यात वसाहतींत अंगण उरले नाही. धुराने हवा अशी झाली की मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या पावसातले आम्ल मोजून १८७२ साली त्यावर ग्रंथच लिहिला. फुलांची आवडही बदलली. श्रीमंतांच्या बागांत ताटवे भरण्यासाठी स्वस्त, भडक रोपे आली. तेव्हा ऑरिक्युलाची हौस ओसरली ती केवळ गिरणीमुळे, असे म्हणणे एकांगी होईल. पण घराजवळची मोकळी मिनिटे गेली, हे कारण आम्ही पहिल्या ओळीत लिहू. ज्या मिडलटनमध्ये रेशमाचे हातमाग इतरांपेक्षा अधिक काळ तग धरून राहिले, तेथे हे फूलही तग धरून राहिले.

ही गोष्ट येथेच संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. १८४७ च्या कायद्याने ब्रिटनच्या कापडगिरण्यांत स्त्रिया आणि तरुण मुले यांचा दिवस दहा तासांचा झाला, आणि व्यवहारात पुरुषांचाही बव्हंशी तसाच झाला. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला त्यांचे काम थांबू लागले. हे कायदे आकाशातून पडले नाहीत. त्यांसाठी कामगारांनी वीस वर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, तुरुंग पाहिले. आणि १८७२ साली मँचेस्टरला ऑरिक्युलाचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्यात हॉर्नर नावाचे पाद्री होते, तसा शेफील्डचा बेन सिमोनाइट हा सुऱ्या घडवणारा कारागीरही होता. त्यांनी विखुरलेल्या जुन्या जाती गोळा केल्या, आणि पिल्ले एकमेकांना वाटली. पुढच्या दोन महायुद्धांत पुष्कळ जाती पुन्हा नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्या अशा वाटणीनेच उरल्या. शनिवारची ती दुपार मिळाली नसती, तर प्रदर्शनाला कुंडी घेऊन आले कोण असते? आम्ही पाहिलेले सभागृह आमच्या मते त्या दुपारचेच फळ आहे.

आपल्याकडेही असा एक दिवस आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळू लागली. त्या रविवारावर गिरणगावाने काय काय उभे केले! भजनी मंडळे, व्यायामशाळा, नाटकमंडळ्या, वाचनालये, शाहिरांचे फड, सारे त्यात आले.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चाळीच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवीत. पाळ्या वेगवेगळ्या असल्या तरी मंडळाचा वार ठरलेला असे, आणि त्या वारासाठी माणसे आपापसांत पाळ्या बदलून घेत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि त्यांतली असंख्य पुन्हा कधी आत गेलीच नाहीत. संपाच्या पहिल्या वर्षात, घरात दाणा नसताना, मंडळाचे भजन चुकले नाही. आम्हांला हे स्पष्ट आठवते. उपासाने ते मंडळ मेले नाही. पुढे वडील एका इमारतीवर रखवालदार झाले. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुटी नावाला. मंडळातले दुसरे कोणी हमाली, कोणी हातगाडी करू लागले. प्रत्येकाचा वेळ वेगळा झाला, आणि चार माणसे एका वेळी जमेनात. पैसे थोडेफार येऊ लागले तेव्हा भजन थांबले. पखवाज खुंटीला राहिला. धुमाला कणीक लावायला कोणी बसले नाही.

वडिलांच्या वेळी जे घडले त्याचा दोष दुसऱ्यांना देता येतो. आमच्या वेळचा दोष मात्र आमचाच आहे, आणि तो या व्यासपीठावर सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या करारात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या आणि वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम, अशी सूचना मालकांकडून आली. कामगारांना पैसा हवा होता. आम्ही तो मिळवून दिला, आणि सही केली. हारतुरे झाले. तीन वर्षांत त्या कामगारांचे वाचनालय बंद पडले, त्यांची पतपेढी दोन माणसांच्या हाती गेली, आणि आमच्या सर्वसाधारण सभेला गणसंख्या भरेना. आम्ही म्हणत राहिलो की माणसे चांगली कणखर आहेत, पुन्हा जमतील. पाने हिरवी होती म्हणून आम्ही कुंडी उपडी करून पाहिली नाही. मँचेस्टरला तो काळा पडलेला गड्डा हातात घेतला, तेव्हा प्रथम त्या कराराची आठवण झाली. एमर्टनचे रक्तात भिजवलेले खत आम्हीच आमच्या माणसांना घातले होते.

म्हणून कणखर या शब्दाविषयी आमचे मत आता सावध झाले आहे. कामगार कणखर आहे, शेतकरी कणखर आहे, घरातली बाई कणखर आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्या कौतुकाच्या आधारावर त्यांच्याकडे पाहणे सोडतो. आल्प्सचे झाड कणखर असते म्हणजे ते कशातही जगते असे नव्हे. ते गारठ्यात जगते, कारण तेथे त्याच्या मुळांना मोकळी हवा असते. ती काढून घ्या आणि त्याला हवे तेवढे खाऊ घाला. ते दोन हिवाळेही काढणार नाही. माणसांच्या संस्थांचेही आम्ही असेच पाहिले आहे. त्यांना दारिद्र्य सोसते. एकत्र बसायला वेळ उरला नाही, तर मात्र त्या खालून कुजतात, आणि कुजल्याचे वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढच्या करारात आम्ही आठ तासांची पाळी परत मागितली आहे. पैसे काहीसे कमी येतील, म्हणून कामगारांतच आमच्यावर रागावलेले लोक आहेत. त्यांचा राग रास्त आहे, कारण घरभाडे फुलांनी भरता येत नाही. त्यांची समजूत घालण्याचे काम चालू आहे, आणि ते सोपे नाही. आजचे हे व्याख्यान त्यांच्यापैकी काही जणांनी ऐकावे, अशी आमची इच्छा होती. पण संध्याकाळी सातची वेळ, आणि ते सारे या घटकेला पाळीवर आहेत.